सॉकेटमधला अक्षतेचा दाणा

"व्हायरस असेल. अँटीव्हायरस टाकून बघा," डायरेक्टर सर म्हणाले.

मी टीव्हीकडे बघत होतो. स्क्रीनवर विस्कटलेल्या रांगोळीसारखे रंगीत चौकोन. समोरचा कॉम्प्युटर चाळीस वर्षांचा. कीबोर्डच्याच पोटात सगळं मशीन, पडदा म्हणून घरचा टीव्ही, प्रोग्राम चढवायचा तो कॅसेटवरून. त्यात हार्ड डिस्कच नाही. व्हायरस बिचारा राहणार कुठे? पण नेरूळमधल्या एका कॉम्प्युटर कॉलेजच्या डायरेक्टरला हे सांगायचं कोणी? मी म्हटलं, "बघतो, सर."

मशीन सरांच्या वडिलांनी त्यांना शाळेत असताना घेऊन दिलेलं. आता ते लॅबमध्ये काचेच्या कपाटात असतं आणि ॲडमिशनच्या दिवसांत पालकांना चालू करून दाखवतात. ते बंद पडलं, आणि मला बोलवायच्या आधीच सरांनी गुन्हेगार पकडून ठेवला होता. लॅब असिस्टंट सारिका कांबळे. "ओल्या फडक्याने मशीन पुसले" असा मेमो तिला मिळाला होता. ती कॉन्ट्रॅक्टवर. सोमवारी रिन्यूअल. त्या फाइलला माझा रिपोर्ट लागणार होता.

"काका, मी कोरड्याच फडक्यानं पुसते," ती हळूच म्हणाली. "ते पण वरून. उघडायची परमिशनच नाय आमाला."

तुर्भ्याच्या कारखान्यात मी तीस वर्षं बोर्ड दुरुस्त केले. तिथला पहिला धडा, आधी पॉवर बघा. मल्टिमीटर लावला. सप्लाय बरोबर येत होता. टीव्हीची वायर बदलली, तरी तेच चौकोन. मग स्क्रू काढले, झाकण उचललं आणि हळदीचा वास आला.

कीबोर्डखाली कुंकवाचा थर होता. बोर्डवर ओघळ सुकून चिकट झाले होते. मुख्य चिप ज्या खाचेत बसवतात तिला सॉकेट म्हणतात. त्या सॉकेटच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या, आणि चिपच्या दोन पायांच्या मधोमध अक्षतेचा एक दाणा फुगून बसला होता.

"दसऱ्याला याची पूजा करता का, सर?"

"दरवर्षी. मी स्वतः. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. नारळ फोडतो, फुलाने पाणी शिंपडतो. देवासारखं जपलंय मी त्याला."

"ते दिसतंय," मी म्हटलं.

सारिका मागे उभी होती. पूजेला तिला बोलवत नाहीत, सांडलेलं पुसायला दुसऱ्या दिवशी बोलवतात, हे तिने मला नंतर सांगितलं. ऐकून माझं डोकं फिरलं.

पुढचं काम सोपं. दाणा चिमट्याने काढला. टूथब्रश आणि आयपीए, म्हणजे झटकन उडून जाणारं अल्कोहोल, घेऊन बोर्ड घासला. सॉकेट नवं लावलं. बटण दाबलं. चौकोन गेले आणि कोपऱ्यात कर्सर लुकलुकायला लागला. सरांचे डोळे भरून आले. त्या वेळी मला त्यांच्याबद्दल जरा माया वाटली. ती फार टिकली नाही.

"रिपोर्टमध्ये 'आत ओलावा गेल्याने' एवढंच लिहा," ते म्हणाले.

ओलावा म्हटला की फडकं आलं आणि फडकं म्हटलं की सारिका आली. मी लिहिलं : हळद, कुंकू, अक्षता, नारळाचं पाणी. दाणा प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घातला आणि पिशवी रिपोर्टला स्टेपल केली.

"म्हात्रे, श्रद्धेच्या गोष्टी रिपोर्टमध्ये कशाला आणता?"

"मी नाही आणल्या, सर. मशीनमध्ये होत्या."

सोमवारी सारिकाचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. मेमो मागे घेतला. सॉरी कोणी म्हटलं नाही, पण आपल्याकडे मेमो मागे घेणं म्हणजेच शाल-श्रीफळाचा मान.

यंदाच्या दसऱ्याला तिने मला फोटो पाठवला. मशीनवर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर हळदकुंकू. म्हटलं, चला, अक्कल आली. मग कपाटावर चिकटवलेला कागद मोठा करून वाचला. "पूजेपूर्वी मशीन झाकणे व पूजेनंतर तपासणे. बिघाड झाल्यास जबाबदारी : लॅब असिस्टंट."

रिपोर्टमध्ये मी हळद लिहिली, कुंकू लिहिलं, नारळाचं पाणीसुद्धा लिहिलं. शिंपडलं कोणी, ते लिहायची भीड वाटली होती. आता लिहितो.