भाऊजींचं बेरिल

गोंदिया वेगळं होऊन भंडारा जिल्हा निम्मा झाला, त्यानंतर दोनेक वर्षांनी मला लाखनीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली. आई-बाबा तोवर गेले होते. माझं म्हणून एकच माणूस उरलं होतं, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी ताई. ती चिखल्याला मँगनीजच्या खाणीच्या कॉलनीत राहायची. भाऊजी खाणीत ड्रिलवर होते. रविवार आला की मी भंडारा, तुमसर करत, शेवटी काळीपिवळी जीप धरून चिखल्याला पोचायची. ताईला भेटायला जाते, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं तर मी दगडांसाठी जात होते.

भाऊजींच्या पलंगाखाली लाकडी खोकी होती. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले दगड. पहिल्यांदा त्यांनी एक दगड उलगडून माझ्या तळहातावर ठेवला, तेव्हा मी तो कुणीतरी घासून केलेला समजले. सहा बाजू, सरळ धारा, पेन्सिलीसारखा लांब, रंग उन्हात धरलेल्या निळसर काचेचा.

"हा बेरिल," ते म्हणाले. "पाचू याच्याच घरचा. याच्यात थोडा क्रोमियम गेला असता तं हाही पाचूच झाला असता."

हे त्यांना खाणीतल्या एका जुन्या साहेबानं शिकवलं होतं. खरा पाचू त्यांच्याकडे एकच होता. राजस्थानच्या एका छंदी माणसाला आपले तीन दगड पाठवून त्यांनी तो पोस्टानं मागवला होता. काळ्या अभ्रकात रुतलेला, चिंचोक्याएवढा, गडद हिरवा. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत.

बाकीचं बेरिल आम्ही स्वतः शोधायचो. खाणीपासून कोसभर लांब झुडपी जंगलाच्या कडेला पांढऱ्या दगडाचा एक पट्टा होता. तिथून ढेकळं फोडून आणायची आणि परसात बसून साफ करायची. वाळूनं भरलेल्या पोत्याच्या तुकड्यावर दगड ठेवायचा, आधी भेगा बघायच्या, मग बारीक छन्नीनं भोवतीची गारगोटी एकेक कपची करून उडवायची. नखाएवढी जागा मोकळी करायला त्यांना तास लागायचा. मग मँगनीजचे काळे डाग जायला दगड ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यात दोन-दोन दिवस ठेवायचा.

"बेरिल आडवं तुटते," ते सांगायचे. "भेगीच्या उलट्या अंगानं मार. हात हलका ठेव."

त्यांचा हात खरंच हलका होता. दिवसभर ड्रिल धरून थरथरणारा तो हात छन्नीवर आला की स्थिर व्हायचा. मी त्या हाताकडे बघत बसायची.

त्याच हातानं त्यांनी एकदा शेजाऱ्याची बकरी मारली. ती परसात शिरली आणि तिनं वाळवायला ठेवलेला ट्रे उलटा केला. भाऊजींनी चार पौंडी हातोडा फेकला. तो बकरीच्या मागच्या पायावर बसला. पाय मोडून लोंबायला लागला तरी ती तीन पायांवर ओरडत पळत होती. भाऊजी तिच्यामागे गेले आणि कुंपणाशी गाठून ती निपचित पडेपर्यंत त्यांनी तिला मारलं. मी काय करत होते? मी खाली वाकून ट्रेमधले दगड मोजत होते, एखादा तुटला तर नाही म्हणून.

ताईच्या भुवईवर खूण दिसली तेव्हा ती म्हणाली, विहिरीच्या रहाटावर आपटलं. पुढच्या वेळी तिच्या कानाची पाळी फाटलेली होती. बाळी अडकली, म्हणाली. मी विश्वास ठेवला, कारण ठेवला नसता तर चिखल्याला जाणं बंद करावं लागलं असतं.

मग आम्हाला तो मोठा दगड सापडला. पांढऱ्या दगडात आडवा झोपलेला, मनगटाएवढा जाड, वीतभर लांब. रंगही नेहमीपेक्षा हिरवा. ते ढेकूळ सायकलच्या कॅरिअरला बांधून आम्ही चालत आणलं. वाटभर भाऊजींनी एक हात त्याच्यावर ठेवला होता. पाच रविवार त्यांनी त्याच्यावर काम केलं. ड्युटीवरून आले की जेवायच्या आधी ते त्याच्याशी बसत, असं ताईनं सांगितलं. एका रविवारी मी पोचले तेव्हा तो पूर्ण मोकळा होऊन ॲसिडच्या टबात पडला होता, मोरीच्या कट्ट्यावर. भाऊजी परसाच्या टोकाला हत्यारांना धार लावत होते.

ताईला मोरीत कपडे धुवायचे होते. तिनं टब उचलला. तो जड होता आणि कट्टा ओला. टब तिच्या हातातून कलंडला, पाणी फरशीवर सांडलं आणि त्याच्याबरोबर तो दगड खाली आला. आवाज फार मोठा झाला नाही. मधोमध आडवे दोन तुकडे झाले.

मी ओरडले. "ताई, हे काय केलंस तू!"

धार लावायचा आवाज थांबला. भाऊजी दारात आले. त्यांनी दोन्ही तुकडे बघितले. मग शांतपणे भिंतीला टेकवलेला हातोडा उचलला आणि त्याचा दांडा ताईच्या तोंडावर मारायला उगारला. तिनं हात आडवा धरला. मनगटाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. ती खाली बसली. त्यांनी तिच्या पाठीवर मारलं, मग पुन्हा पाठीवर, मग केस धरून तिचं डोकं मोरीच्या कट्ट्यावर आपटलं. ती ओरडत नव्हती. तिला सवय होती हे मला तेव्हा कळलं. डोकं कसं आत घ्यायचं, पोट कसं झाकायचं, सगळं तिला येत होतं.

माझ्या पिशवीत माझी छोटी हातोडी होती. ती मी कधी काढली ते आठवत नाही. त्यांच्या खांद्याजवळ, गळ्याच्या हाडावर मारली. त्यांच्या हातातला हातोडा पडला. ते भिंतीला धरून खाली सरकले आणि उजवा हात फरशीवर टेकून बसले. तोंड उघडं, श्वास अडकलेला. त्यांच्यात मारायचं काही उरलं नव्हतं.

मी खाली वाकले आणि त्या टेकलेल्या हातावर हातोडी मारली. एकदा, मग अजून एकदा. बोटांवर. फरशी कठीण होती आणि मी हात हलका ठेवला नाही.

शेजारीण धावत आली. कॉलनीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "दगड पडला." डॉक्टरांनी आम्हा तिघांकडे पाळीपाळीनं बघितलं आणि दगड पडला असं लिहिलं. भाऊजींना भंडाऱ्याला नेलं. तिथं दोन बोटं काढावी लागली. ताईला प्लास्टर घालून मी लाखनीला घेऊन आले.

तिसऱ्या आठवड्यात मी तिचे केस धूत होते. तिनं डोळे मिटलेले होते.

"दुसऱ्यांदा काहून मारलं?" तिनं विचारलं.

"त्यांनी तुझा हात मोडला."

"थो तं पह्यल्याच घावात खाली बसला होता. पाह्यलं मी." तिनं डाव्या हातानं कपाळावरचा फेस पुसला. "अन् वरडलं कोन? मी ते तुकडे धुन्याखाली लपवले असते. दोन दिवसांनी सांगितलं असतं का टबातच फुटलं. मले हे सगळं येते. तू वरडली म्हनून थो आला."

मी तिच्या डोक्यावर पाणी ओतत राहिले.

"तुले मी नाही दिसली," ती म्हणाली. "दगड दिसला."

तिनं हे रागानं सांगितलं नव्हतं. पण तिच्या उजव्या गालावर अजून पिवळट डाग होता, आणि मला त्या गालाकडे बघवेना.

पुढं ताई-भाऊजींच्या संसाराचं ठरवायला कॉलनीतल्या बुद्धविहारात बैठक झाली. आमची वडीलधारी माणसं सतरंजीवर बसली. भाऊजी हात फडक्यात बांधून आले. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चूक माही हाये. मी बायकोले मारत होतो, आठ वर्सांपासून." हाताबद्दल ते काही बोलले नाहीत. तिथं कुणालाच तो दगड पडल्यानं गेला असं वाटत नव्हतं, तरी कुणी विचारलं नाही. मग मीच उठले. सांगितलं की यांचा हात मी फोडला आणि तेव्हा हे खाली बसलेले होते. एक म्हातारी बाई म्हणाली, "बस खाली, पोरी. तुह्याबद्दल बैठक नाही ठेवली." ते मला शिक्षेसारखं वाटलं.

ताई वेगळी झाली. भाऊजींना ड्रिलवर उभं राहता येईना, त्यांना वर लॅम्प-रूममध्ये घेतलं, खाली जाणाऱ्यांना दिवे द्यायला. मोडलेल्या बेरिलचं त्यांनी काय केलं ते मी कधी विचारलं नाही.

ताई माझ्याकडे राहील असं मी धरून चालले होते. ती राहिली नाही. प्लास्टर निघाल्यावर तिनं भंडाऱ्याला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं आणि खोली घेतली. तिचं मनगट पूर्ण फिरत नाही. शंभर पोळ्यांची कणीक ती डाव्या हातानं मळते, उजवा नुसता परातीला धरून.

दोन वर्षं मी हातोडी उचलली नाही. नंतर पुन्हा उचलली. बढाई म्हणून सांगत नाही, ते काम मला आवडतं आणि मला दुसरं तितकं चांगलं काही येत नाही. पवनीकडून, कधी लांबून, मी दगड आणते आणि खिडकीशी बसून साफ करते. महिन्यातून एखाद्या रविवारी ताई येते, जेवते, दुपारी थोडी झोपते. ती यायच्या आधी मी हत्यारं कपाटात ठेवून कुलूप लावते. तिनं तसं कधी सांगितलेलं नाही.