समेच्या अलीकडचा श्वास

दुपारी शाळेत पेपर तपासत होते, तेव्हा केडगावहून शबानाचा फोन आला. "ताई, अब्बा गेले," एवढंच म्हणाली ती. तिचे सासरे म्हणजे माझे रशीदचाचा. लाल पेनाला टोपण लावून मी तो नीट पर्समध्ये ठेवला. याला आता सात आठवडे होतील.

चाचा आयुष्यभर लग्नांत सनई वाजवत आले. मी तबला वाजवते. चार वर्षांपूर्वी माझा उजवा हात जड व्हायला लागला. लय वाढली की खांदा ताठायचा, बोटं आखडायची. डॉक्टर म्हणाले, तबला सोडा. घरी येऊन मी ढसाढसा रडले. तबला सुटला तर मागे माझं काय उरणार होतं? शेवटी एका मैत्रिणीनं मला चाचांकडे नेलं.

त्यांनी एकदाच वाजवायला लावलं. "पोरी, बोटं न्हाई आखडत तुझी, दम आखडतो. तिहाई धरली की समंपतुर श्वासच सोडत न्हाईस तू."

खरंच होतं ते. तिहाईत एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमकं पोचायचं असतं; त्या धास्तीनं मी श्वास कोंडून धरायचे. आम्हा तबलजींची ही खोड कुणाच्या लक्षात येत नाही, कारण आमचं वाद्य फुंकायचं नसतं.

मग तीन महिने तबला बंद. रविवारी सकाळी त्यांच्या गच्चीवर सतरंजी टाकून आडवं पडायचं, हात पोटावर. पोट भरून श्वास घ्यायचा आणि तोंडानं बोल म्हणत हळूहळू सोडायचा. वर लिंबाच्या फांद्या हलायच्या, पुणे रस्त्यावरचे ट्रक लांबून ऐकू यायचे, धा तिरकिट म्हणता म्हणता खांदे जमिनीला टेकायचे... आणि मला चक्क झोप लागायची. जाग आली की चाचा तिथंच बसलेले. "घोरत हुतीस, पन लयीत," म्हणायचे. इतकी निवांत मी स्वतःच्या घरीही कधी पडले नव्हते.

हात मोकळा झाला. पण गेल्या हिवाळ्यात चाचांनाच धाप लागायला लागली. "आता तू शिकीव मला," म्हणाले. मी शेजारी बसून मात्रा मोजायचे, त्यांचा श्वास निम्म्यातच संपायचा. मला ते बघवेना. मी जाणं कमी केलं... हे लिहिताना लाज वाटते.

परवा शेवगावला एका गायिकेच्या साथीला बसले होते. तिहाई धरली आणि कळलं, श्वास पुन्हा कोंडलाय. बहुतेक शबानाच्या त्या फोनपासून कोंडलेलाच होता. शेवटच्या आवर्तनात तो सुटला, आणि त्याच्याबरोबर हुंदका आला. गाणाऱ्या बाईंनी वळून पाहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा माझी सम चुकली होती. भर सभागृहात मी रडत ठेका धरून होते, आणि हात अगदी मोकळा चालला होता.