गिरजानं वाचलेला शेवट

मुरबाडच्या डोंगराकडच्या आमच्या ठाकरवाडीत गिरजा अंगणवाडी चालवी. आश्रमशाळेत दहावी झालेली, आणि पुस्तकांच्या बाबतीत भलती हावरट. दोन हजार चार साली म्हसा गावच्या जत्रेत लोक घोंगड्या घेत होते, तेव्हा हिनं जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मराठीत आणलेली एक अमेरिकन कादंबरी उचलली. मी वाडीचा मास्तर. म्हटलं, हिला वेड लागलंय.

कादंबरीत नदीकाठची एक रानातली जमात होती, आणि धरणासाठी सरकार तिला उठवत होतं. लिहिणारा तिकडचाच, पण त्यानं आपल्याच देशाची लक्तरं वेशीवर टांगली होती. स्वातंत्र्याचा डंका पिटणाऱ्या अमेरिकेचं हे दुसरं तोंड मी तोवर पाहिलं नव्हतं.

गिरजा दुपारी मोहाच्या झाडाखाली बायकांना ती वाचून दाखवी, वाडीच्या बोलीत. माणसांना तिनं इथलीच नावं दिली. तशात आमच्याही नदीवर धरणाची मोजणी सुरू झाली, आणि बायकांना वाटू लागलं, ही माणसं माळशेज घाटाच्या पलीकडंच कुठं तरी राहतात.

"त्यांनी अंगठं दिलं का गो?" गिरजाची सासू लहानी रोज विचारी. वाडीत तीच सगळ्यात म्हातारी. धरणाच्या कागदावर तिनं अंगठा दिला की बाकीचे देणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

संमतीचे कागद घेऊन धरणाचे साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते, आणि पुस्तकाचं शेवटचं प्रकरण उरलं होतं. गिरजाचा नवरा जगन याला धरणावर वॉचमनची नोकरी कबूल झाली होती. गोष्ट ऐकून आई अंगठा द्यायची नाही, ही त्याला धास्ती. माझ्यादेखत तो तिला म्हणाला, "शेवट वाचलास तर घरात पाय ठेवू नको." गिरजानं पुस्तक उघडलं.

शेवटी त्या जमातीतला सगळ्यात म्हातारा माणूस अंगठा देतो. गाव बुडतं. कबूल केलेल्या नोकऱ्या कुणालाच मिळत नाहीत. पुस्तक मिटून ती म्हणाली, "आये, ही मानसं इथली नाय. अमेरिकेतली हायेत. नावं मीच बदलली."

"बघ," जगन आईला म्हणाला. "परदेशातली गोष्ट. आपला काय संबंध?"

लहानीनं सुनेच्या हातातलं पुस्तक आपल्या मांडीवर घेतलं.

"त्या म्हाताऱ्याला ही गोष्ट वाचून दाखवनारी सून नव्हती," ती म्हणाली. "मला हाय. आनि ती माझ्या घरात राहील."