बहिऱ्या उंदरांच्या खोलीतला पाहुणा

आमच्या सावनेरकडची माणसं घाबरत नाहीत. पारशिवनीच्या जंगलात वाघ आडवा आला तर माझे मामा त्याला हाताने बाजूला सारून पुढे जातात आणि परतताना त्याची ख्यालीखुशाली विचारतात. हे मामांनीच सांगितलेलं आहे, म्हणजे खरंच असणार. त्या घराण्यातली मी, आणि बोटाएवढ्या करड्या उंदराला पाहून घाबरले.

नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत मी पीएचडीसाठी उंदीर सांभाळते. साधेसुधे नाहीत. आपल्या अंगात विषाणू शिरला की ज्या पेशीत तो शिरतो ती बोंब ठोकते. त्या बोंबेचं नाव इंटरफेरॉन. आजूबाजूच्या पेशी ती ऐकतात आणि धडाधड दारं लावून घेतात. ऐकण्याचा हा कान एका जनुकामुळे घडतो. माझ्या उंदरांत ते जनुक मुद्दाम मोडलेलं आहे. त्यांच्या पेशी जीव तोडून ओरडतात, पण शेजारी ऐकणारं कोणी नाही. कान नसला की काय काय होतं ते पाहायचं आणि त्यावरून कान काय करतो ते सांगायचं, एवढाच माझा प्रबंध. म्हणून त्या खोलीत शिरायचं तर आधी आंघोळ, मग धुतलेले कपडे, टोपी, मास्क, हातमोज्यांवर हातमोजे. लग्नातसुद्धा मला इतकं नटवलं नव्हतं.

त्या सकाळी दोन माद्यांच्या पिंजऱ्यात नर सोडायचा होता. माझ्या गाईड मॅडमनी पिंजऱ्याच्या कार्डावर नराचा नंबर आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. मी नराला शेपटीला धरून आणलं, झाकण उघडलं, तर आत नर हजर! एक माझ्या हातात, एक पिंजऱ्यात.

"दादा," मी माझ्या सिनियरला हाक मारली, "हा कोण होय गा?"

"कोण म्हणजे? तुझाच नर. काल संध्याकाळी फरशीवर फिरून राहिला होता. कार्डावर नर, पिंजऱ्यात नर नाही. म्हटलं, निसटला असन. दिला टाकून आत. लय चावरा आहे वं, हातमोजा फाडला माया."

"आपला उंदीर आजपर्यंत चावला का कोणाले?"

आमच्या उंदरांची जात काळी किंवा पांढरी असती तर हा घोळ झालाच नसता. पण त्यांचा रंग हुबेहूब घरातल्या उंदरासारखा, करडा. ओळख एकच, आमच्या प्रत्येकाच्या कानाला खुणेचं भोक. मी वाकून पाहिलं. पाहुण्याचे दोन्ही कान अखंड होते. तेवढ्यात त्याने अशी उडी घेतली की छताचा रंग उडाला. निदान माझ्या चेहऱ्याचा तरी उडालाच.

"काहून टाकला आत? फरशीला लागलेला उंदीर परत टाकत नाही ना आपण!"

"तुयी जोडी हुकू नये म्हणून टाकला वं," दादा पुटपुटला.

मॅडमनी पाहुण्याला पकडून त्याच्या कानाचा बारीक तुकडा घेऊन जनुक तपासायला लावलं. तपासणीच्या पट्टीवर आमच्या उंदरांची मोडक्या जनुकाची रेघ एका जागी उमटते, याची दुसऱ्याच जागी उमटली. जनुक धडधाकट. त्याच्या पेशींना सगळं ऐकू येत होतं. म्हणजे पाहुणा बाहेरचा.

असा बाहेरचा उंदीर अंगावर व्हरायटी चौकाएवढी जंतूंची गर्दी घेऊन फिरतो. त्यातल्या एखाद्या विषाणूने त्याचं पोटही बिघडणार नाही, पण तोच माझ्या उंदरांच्या यकृताचा चिखल करील. मॅडमनी पाहुण्याला बाहेर काढलं, माद्यांचा तो पिंजरा वेगळ्या खोलीत हलवला आणि सगळीकडचे नमुने बाहेरगावी तपासायला पाठवले.

"विषाणू सापडला तर?" मी विचारलं.

"तर खोली रिकामी करायची. एकही ठेवायचा नाही."

उंदीर, प्रबंध, माझी इतकी वर्षं, सगळंच त्या एका वाक्यात बसलं.

मग रोज सकाळी त्या दाराच्या मुठीवर हात ठेवून मी उभी राहायचे. आत जाऊन एकेका पिंजऱ्यात बघायचं: केस पिंजारलेत का, पाठीला पोक आलाय का, कोपऱ्यात कोणी एकटं बसलंय का. एकदा एक मादी डोळे मिटून गोळा होऊन बसलेली दिसली. मी पिंजऱ्यावर टिचकी मारली. बाईसाहेबांनी एक डोळा उघडला, माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि पुन्हा झोपल्या. मी मात्र जमिनीवर बसले ते बराच वेळ उठलेच नाही.

आईचा फोन आला. "उंदरासाठी रडून राहिली काय वं? आपल्या कोठीत पोतंभर आहेत. पाठवू का एसटीनं?"

"ते चालत नाहीत वं आई. त्यांचे कान शाबूत आहेत."

"तुये तपासून घे एकदा," म्हणाली आणि फोन ठेवला.

अहवाल आला. काहीही सापडलं नाही. पाहुणा बहुतेक आमच्याच खाद्याच्या गोदामात जन्मला असावा. आयुष्यभर निर्जंतुक दाणे खाल्लेला तो नागपुरातला सगळ्यात सोवळा उंदीर निघाला. खोली वाचली. दादाने आनंदाने सगळ्या मजल्याला तर्री पोहे खाऊ घातले. मी मात्र दुसऱ्या सकाळीही मुठीवर हात ठेवून तशीच थांबले.

वेगळ्या खोलीतल्या पिंजऱ्यात एका मादीला पिल्लं झाली होती. पाहुणा एक रात्रच राहिला, पण रिकामा बसला नव्हता. प्रत्येक पिल्लाकडे आईचं मोडकं जनुक आणि बापाचं धड. धड एकच असलं तरी पुरतं, पेशींना ऐकू येतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी एका पिंजऱ्यात श्वास न रोखता बघत होते. यांच्या पेशी ओरडल्या तर शेजारी दारं लावतील.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "ही आपल्या कामाची नाहीत," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे या वाक्याचा अर्थ एकच होतो: मारून टाकायची. मी पिंजऱ्यावर हात ठेवला.

"दूध तुटेपर्यंत तरी राहू द्या, मॅडम."

त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तेवढंच," त्या म्हणाल्या आणि दिवा मालवून बाहेर गेल्या.