तिला झोपू दिलं ती दुपार
खोली गरम करणाऱ्या हीट पंपासमोर वाळत घातलेल्या कपड्यांचा दमट वास आला की मला न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावातली एक शनिवारची दुपार आठवते. आम्ही चौघी मैत्रिणी अधूनमधून माझ्याकडे जमायचो. सगळ्या नोकरी करणाऱ्या, स्वतःला ठामपणे स्त्रीवादी म्हणवणाऱ्या. बाहेर वारा खिडक्या हलवत होता. आमच्यातली इंजिनिअर सांगत होती, "ऑफिसात मला मॅनेजर व्हायला सांगतायत. मी नाही म्हटलं. घरची दुसरी शिफ्ट कोण करणार?" झालं, आम्ही तिघी नवऱ्यांवर तावातावानं बोलायला लागलो आणि बघतो तर ती सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलेली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नवऱ्याचा होता, म्हणून मी उचलला. "मुलांना भूक लागलीय, ती कधी निघतेय?" "झोपलीय ती." तो घाबरला. "बरी आहे ना?" "दमलीय. डाळ-तांदूळ कुठे असतात माहितीय ना?" तो म्हणाला, "शोधतो. उठवू नका तिला." आम्ही तिच्या अंगावर पांघरूण घातलं आणि कुजबुजत बसलो. अंधारून आल्यावर ती दचकून उठली. "अगं, मुलं उपाशी असतील!" "जेवली असतील, तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. तो करतो म्हणालाय," मी म्हटलं. तिला खरं वाटेना. तिनं घरी फोन लावला, धाकटीचं "डॅडनं खिचडी केली" ऐकलं आणि बूट घालायला वाकली ती तशीच रडत राहिली. बरं वाटून रडतेय, असं तेव्हा मी समजले. आता मीही तिच्याइतकीच दमते, तेव्हा वाटतं, हे इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं का झालं नाही, याचंच ते रडू असावं.