हेरोदाचे पहारेकरी

कापूस सोन्याच्या भावानं जात होता, त्या वर्षी आमची तुकडी अकोल्याहून पातुरात आली. ड्युटी एकच, कापसाच्या गाड्यांचा बंदोबस्त. माझा नेम गोळीपेक्षा भाकरीवर पक्का होता.

शुक्रवारी एका पाद्रीसाहेबांनी छावणीत गोष्ट सांगितली. हेरोद नावाच्या यहुदी राजानं ख्रिस्ताच्या एका शिष्याला तलवारीनं मारलं. दुसऱ्याला, पेत्राला, तुरुंगात घातलं. पहाऱ्यावर सोळा शिपाई, कैदी साखळीनं दोघांना जखडलेला. तरी देवदूतानं त्याला सोडवलं. बाकीच्यांना देवदूत आवडला. मला साखळी आवडली.

शनिवारी सकाळी माझ्या ताब्यात एक कैदी आला. गाडी लुटून गाडीवानाला मारणारा. साहेबांचा हुकूम होता, याला जो सोडेल तोही साथीदार ठरून फासावर जाईल. बेड्या अकोल्याहून यायच्या होत्या. मी त्याचं मनगट दोरीनं माझ्या मनगटाला बांधलं आणि कापसाच्या गाठोड्याला टेकलो. गाठोडं मऊ होतं.

बाराला जाग आली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला गाठोडं होतं.

आमचे हवालदार हसाजी कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे शनिवार पाळणारे यहुदी. शनिवारी त्यांची चूल पेटत नसे, रजा मंजूर असे. माझी आरडाओरड ऐकून ते बंदूक घेऊन बाहेर आले.

"शनवार हाय. तुमी काहून येता?"

"जीव वाचवायला शनिवारी मुभा आहे."

"कोनाचा जीव?"

"तुझा, गाढवा. पेत्र सुटल्यावर हेरोदानं पहारेकऱ्यांचं काय केलं, सांगितलं पाद्रीनं?"

"नाही."

"चौकशी करून मारले. मी मिशनच्या शाळेत वाचलंय. आमचे लोक त्या राजाला भला म्हणतात. पहारेकऱ्यांना कोणी विचारलं नाही. चल. सहाच्या रोल कॉलला कैदी उभा पाहिजे."

माग लेण्यांपाशी गेला. चार वाजले होते.

"आत लपलाय. संगीन लाव. डावीकडून ये," हसाजी म्हणाले.

कैद्यानं पळताना गाडीवरची कुऱ्हाड उचलली होती. तो माझ्यावर धावला. हसाजी मध्ये आले. घाव त्यांच्या पोटात बसला. मी झेप घेतली असं लोक सांगतात. खरं म्हणजे पाय घसरला आणि मी कैद्याच्या अंगावर पडलो.

रोल कॉलला कैदी हजर होता. हवालदार रविवारी पहाटे गेले.

त्यांच्या धर्माचं पातुरात कोणी नव्हतं. माती आम्हीच दिली. साहेबांनी विचारलं, "रजेवरचा हवालदार तिथं काय करत होता?"

"माझा जीव वाचवत होते, साहेब."

साऱ्या नोकरीत माझा तेवढाच एक रिपोर्ट बिनचूक निघाला.