आदल्या दिवशीचे मंत्रमुग्ध

मुलुंडच्या आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांचे वृत्तांत मीच लिहितो. साप्ताहिकाला मजकूर लवकर लागतो, म्हणून मी तो आदल्या दिवशीच लिहून मोकळा होतो. पाहुणे, श्रीफळ, आभार आणि शेवटी ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले’. एकदा मधुमेहावरच्या व्याख्यानालाही मी त्यांना मंत्रमुग्ध केलं होतं.

यंदा दिवाळी पहाटेला बायको गायली. निवृत्तीनंतर शिकायला लागली होती, चारचौघांत पहिल्यांदाच. “लोकांना नाही आवडलं तर क्लास बंद,” असं तिनं आधीच बजावलं होतं. त्या दिवशी हॉलमागे चहाच्या गॅसपाशी माझी ड्यूटी होती.

अंक आला. तिनं चष्मा लावून वाचला.

“हे तुम्ही आदल्या दिवशी लिहिलंत, मी बघितलंय ना. आता खरं सांगा, झाले होते का मंत्रमुग्ध? माझं गाणं संपल्यावर सगळे कुजबुजत उठले. मी क्लासच्या बाईंना नाही म्हणून कळवते.”

इतकी वर्षं हा शब्द वापरला, पण असा माणूस दिसतो कसा, हे कधी पाहिलंच नव्हतं. शब्दकोश काढला. मंत्रानं मोहून गेलेला, एवढंच. तो डोळे मिटतो का? मान डोलवतो का? मान तर आमच्या हॉलमध्ये पेंगणारेही डोलवतात. मग वाटलं, अशा माणसाचं हातातल्या कामावरचं लक्ष उडत असणार. आणि मी एकदम ओशाळलो.

त्या पहाटे अर्धं पातेलं दूध ओट्यावरून वाहिलं होतं, उरलेलं तळाला करपलं होतं, आणि मी समोर उभा होतो. दूध नासलं, अशी थाप मी सगळ्यांना मारली होती.

“कुजबुज चहा मिळणार नाही म्हणून होती गं,” मी म्हणालो. “दूध नासलं नव्हतं. माझ्यासमोर उतू गेलं. मी तुझं गाणं ऐकत होतो.”

“करपल्याचा वाससुद्धा नाही आला?”

“तू थांबलीस तेव्हा आला.”

तिनं चष्मा काढून अंकाची घडी घातली. मला हलकं वाटलं. इतकं खरं मी त्या साप्ताहिकात कधी लिहिलं नव्हतं.

मंगळवारी क्लासला निघताना चपला घालता घालता ती म्हणाली, “गॅसवर दूध ठेवलंय. मी घरात गात नाहीये, तेव्हा लक्ष राहील तुमचं.”